पंचगंगेची पाचवी नदी कुठे आहे?

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली सर्वांच्या ओळखीची नदी म्हणजे पंचगंगा. पंच म्हणजे पाच. पाच नद्या मिळून झाली म्हणून तिचे नाव पंचगंगा. पण जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून मोजा बघू. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. चारच भरतात! कितीही वेळा मोजा, चारच. मग पाचवी कुठे गेली? मोठी माणसे सांगतात की पाचवी नदी सरस्वती आहे आणि ती जमिनीखालून वाहते. जमिनीखालून नदी वाहते का आणि वाहत असेल तर कशी, याची माहिती मी या लेखात दिली आहे. काही माहिती गुरुजींनी सांगितली, काही पुस्तकातून घेतली आणि काही आम्ही मुलांनी स्वतः मोजून काढली.

चार दिसणाऱ्या नद्या

या चारही नद्या सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावतात आणि पूर्वेकडे वाहत येतात.

कासारी : ही शाहूवाडी तालुक्यात विशाळगडाकडच्या डोंगरात उगम पावते. हिच्यावर गेळवडे येथे धरण आहे. पुढे ती आपल्या पन्हाळा तालुक्यातून वाहते. आमच्या गावाच्या खालच्या अंगाने जाते ती हीच.

कुंभी : ही गगनबावडा तालुक्यातून येते. हिच्यावर लखमापूरला धरण आहे. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. ५००० मिलिमीटर म्हणजे ५ मीटर. एवढे पाणी एका जागी उभे राहिले तर आपल्या शाळेची कौले बुडतील.

तुळशी : ही राधानगरी तालुक्यातली. हिच्यावर धामोडजवळ धरण आहे.

भोगावती : ही पण राधानगरी तालुक्यातली, दाजीपूरच्या जंगलाकडून येते. हिच्यावरचे राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतले.

तुळशी आणि कुंभीचे पाणी वाटेत भोगावतीला मिळते. मग करवीर तालुक्यात प्रयाग चिखलीजवळ भोगावती आणि कासारी यांचा संगम होतो. तिथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात. पंचगंगा कोल्हापूर आणि इचलकरंजीवरून जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णा नदीला मिळते. कृष्णा पुढे बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे आपल्या ओढ्यात सोडलेली कागदाची होडी बुडली नाही आणि कुठे अडकली नाही तर समुद्रात जाईल.

पाचवी नदी

आता पाचवी. माझ्या आजीला विचारले तर ती म्हणाली, "अरं, ती गुप्त हाय. वरनं दिसत न्हाई. खालनं येती आन् परयागाला मिळती." उत्तर प्रदेशात प्रयागराजला गंगा आणि यमुना यांचा संगम आहे. तिथेही तिसरी नदी सरस्वती गुप्त आहे असे मानतात आणि तीन मिळून त्याला त्रिवेणी संगम म्हणतात. आपल्याकडच्या संगमालाही प्रयाग हेच नाव आहे. संक्रांतीला तिथे स्नानाला लोक जातात.

आमच्या वर्गात यावरून दोन पक्ष पडले. काही मुले म्हणाली, नदी जमिनीखाली कशी असेल, आत तर दगड आहे. काही मुले म्हणाली, मोठी माणसे उगीच सांगतील का? गुरुजी म्हणाले, "भांडू नका. आधी एक बघा, जगात कुठे नदी जमिनीखालून वाहते का. मग बघा, आपला दगड कसला आहे. मग बोला."

जगात अशी नदी आहे का?

आहे. युरोप खंडात डॅन्यूब नावाची मोठी नदी आहे. ती जर्मनी देशात उगम पावते आणि अनेक देशांतून जाऊन काळ्या समुद्राला मिळते. पण उगमापासून थोडी पुढे आली की इमेन्डिंगेन गावाजवळ तिचे पाणी नदीच्या तळाला असलेल्या भोकांत शिरते. वर्षातले कितीतरी दिवस तिथे नदीचे पात्र पार कोरडे पडते. लोक पात्रातून चालत जातात!

मग ते पाणी जाते कुठे? हे शोधण्यासाठी १८७७ साली एक प्रयोग केला. जिथे पाणी आत शिरते तिथे त्यांनी १० किलो रंग ओतला. पुष्कळ मीठही ओतले. मग आसपासच्या झऱ्यांवर नजर ठेवली. सुमारे ६० तासांनी तिथून १२ किलोमीटर दूर आख नावाच्या मोठ्या झऱ्याचे पाणी हिरवेगार झाले आणि खारट लागू लागले! म्हणजे नदी १२ किलोमीटर जमिनीखालून चालत आली होती.

आपण गणित करू. १२ किलोमीटर म्हणजे १२००० मीटर. १२००० भागिले ६० बरोबर २००. म्हणजे पाणी तासाला २०० मीटर चालले. आपण शाळेला येताना २०० मीटर तीन मिनिटांत येतो. पाणी मात्र खालून एक तास घेते.

आणखी गंमत म्हणजे आख झऱ्याचे पाणी पुढे र्‍हाईन नदीला मिळते आणि र्‍हाईन उत्तर समुद्राला जाते. म्हणजे एकाच नदीचे थोडे पाणी एका समुद्राला आणि थोडे दुसऱ्या समुद्राला.

तिथे असे का होते?

कारण तिथला दगड चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून येताना किंचित आंबट होते. त्या पाण्यात चुनखडी हळूहळू विरघळते. हजारो वर्षांत दगडात भोके, मग गुहा आणि मग बोगदे पडतात. त्यातून नदी वाहते. आपल्या देशात मेघालय राज्यात चुनखडीच्या अशा खूप लांब गुहा आहेत आणि त्यातल्या पुष्कळ गुहांतून पाणी वाहते.

हे आम्ही करून पाहिले. तुम्हीही करा.

साहित्य : अंड्याचे कवच, काळ्या दगडाचा कपचा, लिंबू, दोन वाट्या.
कृती : एका वाटीत कवच ठेवा, दुसऱ्या वाटीत दगड ठेवा. दोन्हींवर लिंबू पिळा. थोडा वेळ बघत बसा.
काय दिसले : कवचावर बारीक बारीक बुडबुडे आले. दगडावर काही झाले नाही. तो दगडासारखा बसून राहिला.
अनुमान : अंड्याचे कवच आणि चुनखडी ही एकाच जातीची. आंबट पाण्यात ती विरघळतात. आपला काळा दगड तसा विरघळत नाही.

आपल्याकडचा दगड कसला?

आपल्या भागात खाली काळा दगड आहे. त्याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो थरावर थर पसरला आणि थंड झाला. तोच हा दगड. पन्हाळगडाच्या आणि मसाई पठाराच्या माथ्यावर मात्र तांबडा जांभा दगड आहे. काळा दगड ऊन आणि पाऊस खाऊन खाऊन लाखो वर्षांत झिजला, त्याचा जांभा झाला. त्यात लोखंडाचा अंश असतो म्हणून तो तांबडा दिसतो.

काळ्या दगडात चुनखडीसारखे पाण्याचे मोठे बोगदे होत नाहीत. म्हणून आपल्या जमिनीखालून होडी चालेल अशी नदी वाहत नाही. पहिल्या पक्षाची मुले हे ऐकून खूश झाली. पण गुरुजी म्हणाले, "थांबा. अजून अर्धेच झाले. मला सांगा, पाऊस दिवाळीला थांबतो. मग आपला झरा होळीला कुठल्या पाण्यावर वाहतो?" तेव्हा सगळे गप्प बसले.

जमिनीखालचे पाणी

ज्यांनी विहिरी खणल्या त्या माणसांना हे चांगले माहीत असते. माझे आबा सांगतात, विहीर खणताना आधी माती लागते. मग मुरूम. मग मांजऱ्या खडक. मग काळा पाषाण. मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून पाणी पाझरते. जिथे जोरात येते तिथे झरा लागला असे म्हणतात. झरा लागला की नारळ फोडतात.

जांभ्याचे आणखी वेगळे. जांभ्याला भोके भोके असतात. पावसाचे पाणी तो पिऊन घेतो, जसा भाकरीचा तुकडा कालवण पितो तसा. जांभ्याच्या खाली चिकण मातीचा थर असतो. त्यातून पाणी लवकर खाली जात नाही. मग ते आडवे सरकत सरकत डोंगराच्या कडेला येते आणि झरा होऊन बाहेर पडते. म्हणून पठाराच्या खालच्या अंगाला झरे सापडतात.

पन्हाळगडावर नागझरी आहे. एवढ्या उंचावर बारा महिने पाणी! तिच्या पाण्यात लोखंडाचा अंश आहे. आता तुम्हीच सांगा तो कुठून आला असेल. जांभ्यातूनच. गडावर अंधारबाव आहे, तळी आहेत. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा शिवाजी महाराज सुमारे चार महिने गडावर होते. ऐन उन्हाळा त्या वेढ्यात गेला. सैन्याला, जनावरांना रोज पाणी लागले असेल. गडावर पाणी नसते तर गड लढवता आला असता का? पुढे १२ जुलैच्या रात्री महाराज मसाई पठारावरून विशाळगडाकडे निघाले. ज्या खिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढले तिला आता पावनखिंड म्हणतात. त्याच डोंगरांतून आपली कासारी येते.

आम्ही झरा मोजला

आमच्या गावाच्या वर ओढ्याच्या काठाला एक झरा आहे. त्याला दगडी कुंड बांधलेले आहे आणि पन्हळीतून पाणी पडते. घरोघरी नळ आहेत, पण वीज गेली की मोटर बंद, मग नळ बंद. गेल्या उन्हाळ्यात तीन दिवस वीज नव्हती. तेव्हा सगळी वाडी झऱ्यावर आली. पहाटे चारला घागरींची रांग लागली होती. म्हाताऱ्या बायासुद्धा रांगेत बसून होत्या.

आम्ही मुलांनी गेल्या वर्षी दिवाळीपासून हा झरा मोजला. रीत सोपी आहे. एकच घागर दर वेळी घ्यायची. पन्हळीखाली धरायची आणि भरायला किती मिनिटे लागली ते घड्याळात बघायचे. दिवसाचे १४४० मिनिटे असतात. त्याला भागले की दिवसाला किती घागरी ते निघते.

दिवाळी : २ मिनिटे. दिवसाला ७२० घागरी.
महाशिवरात्र : ४ मिनिटे. दिवसाला ३६० घागरी.
अक्षय तृतीया : ९ मिनिटे. दिवसाला १६० घागरी.
मृग नक्षत्राच्या आधी : १२ मिनिटे. दिवसाला १२० घागरी.

म्हणजे दिवाळीच्या मानाने झरा सहाव्या हिश्शावर आला. पण आटला नाही. सात महिने मोठा पाऊस नव्हता तरी तो वाहत होता.

आणि एक नवल झाले. मृगाचा पाऊस सुरू झाला तेव्हा आम्हाला वाटले आता घागर लगेच भरणार. पण तसे झाले नाही. आठ दिवस पाऊस पडला तरी ११ मिनिटेच लागत होती. पंधरा दिवसांनी झरा वाढला. असे का? कारण पाऊस वर पठारावर पडतो. आधी तहानलेली माती पाणी पिते. मग उरलेले खाली जाते. मग हळूहळू आडवे चालत झऱ्यापर्यंत येते. वरून धावत येणारे पाणी आम्हाला ओढ्यात त्याच दिवशी दिसले. खालून चालत येणारे पाणी मात्र पंधरा दिवसांनी पोचले.

हीच ती न दिसणारी नदी आहे असे मला वाटते. ती बोगद्यातून वाहत नाही. ती मुरमातून, जांभ्यातून आणि भेगांतून थेंब थेंब चालते. कासारीच्या, कुंभीच्या, तुळशीच्या, भोगावतीच्या, चौघींच्या खाली आणि काठाला ती आहे. पूर्वी धरणे नव्हती तेव्हा उन्हाळ्यात नदीत जे पाणी असे ते याच पाझराचे. आबा लहान असताना चैत्रात नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीने पाणी भरत. आता धरणातून पाणी सोडतात. शिवाय पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालतात. त्यामुळे नदीत पाणी तुंबते आणि काठच्या विहिरींनाही पाझर लागतो. म्हणजे वरची नदी खालच्या नदीला पाणी देते आणि खालची वरच्या नदीला देते.

पाणी पळते का मुरते?

साहित्य : तळाला भोके पाडलेला डबा, मुरूम, माती, गवताची ढेप, एक फरशी, दोन तांबे पाणी.
कृती : डब्यात खाली मुरूम, वर माती आणि वर गवत घाला. फरशी तिरकी ठेवा. दोन्हींवर एकेक तांब्या पाणी हळूहळू ओता.
काय दिसले : फरशीवरचे पाणी एका दमात खाली गेले. डब्यातले पाणी जेवणाची सुट्टी संपली तरी ठिबकत होते.
अनुमान : उघड्या, कडक जमिनीवरून पाणी पळते. गवत आणि भुसभुशीत माती असली तर मुरते.

पळालेले पाणी सगळे एकदम नदीत येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेले की धोका समजतात. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. प्रयाग चिखली गाव पाण्यात होते, लोकांना नावेतून बाहेर काढावे लागले. एवढा मोठा पाऊस पडल्यावर गवताने पूर थांबत नाही हे खरे. पण डोंगरात जेवढे मुरेल तेवढे पुरात येणार नाही आणि तेच उन्हाळ्यात घागरीत येईल.

आपण काय करावे?

१) डोंगरावरचे गवत पेटवू नये. वणव्याने माती उघडी पडते आणि पहिल्याच पावसात वाहून जाते.

२) उतारावर आडवे चर खणावेत. चरात पाणी थांबते आणि मुरते. श्रमदानाने हे काम होते.

३) झऱ्याजवळ औषध फवारायचा पंप धुऊ नये. आमच्या झऱ्याच्या वर काहीजण धुत होते. जर्मनीत ओतलेला रंग १२ किलोमीटरवर निघाला. मग झऱ्याच्या वर सांडलेले औषध घागरीत निघायला किती वेळ? आम्ही मुलांनी हे घरी सांगितले. माझ्या चुलत्यांना पटले. ते आता पंप शेतातच बांधाला धुतात आणि ते पाणी ओढ्याला जाऊ देत नाहीत. पण अजून काहींना पटलेले नाही. त्यांना रोज सांगावे लागते.

४) बोअर मारताना विचार करावा. खालचे पाणी सगळ्यांचे आहे. एकाने फार उपसले तर दुसऱ्याची विहीर खाली जाते.

५) आपापल्या गावचा झरा मोजावा. एक घागर आणि एक घड्याळ लागते, बाकी काही नाही. यंदाची दिवाळी आणि पुढची दिवाळी जुळवून बघितली की झरा वाढला का घटला ते कळते. नुसते "पाणी कमी झालं" म्हणण्यापेक्षा आकडा सांगितला तर ग्रामसभेतही ऐकतात.

हे सगळे आजीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग मी काय येगळं सांगत हुते? खालनं येती म्हणलं न्हवं." वर्गातल्या दोन्ही पक्षांचे थोडे थोडे बरोबर निघाले.

सांगा पाहू

१) पंचगंगेच्या दिसणाऱ्या चार नद्यांची नावे लिहा.
२) चुनखडीत बोगदे होतात, काळ्या दगडात का होत नाहीत?
३) नागझरीच्या पाण्यात लोखंडाचा अंश कशामुळे?
४) घागर भरायला ६ मिनिटे लागत असतील तर दिवसाला किती घागरी भरतील?
५) तुमच्या वाडीचा झरा कुठे आहे? त्याच्या वरच्या अंगाला काय आहे, गवत, शेत की उघडी जमीन? जाऊन बघा आणि चार ओळी लिहून आणा. या शेजारचा कागद त्यासाठी कोरा ठेवला आहे.

— इयत्ता ४ थी